हाक मारता येईल असं नाव

माझ्या सासरचे लोक राजे आहेत. हे मी फुशारकीने सांगत नाही, उलट सांगताना मला अजून थोडं हसू येतं. कोरेगावच्या पुढे दोन-तीन गावांची जहागीर कधी काळी या घराकडे होती. ती गेली आणि आडनावाच्या शेपटाला लागलेलं 'राजे' तेवढं राहिलं. वाडा माझ्या लग्नाच्या आधीच पाडला होता आणि त्या जागी स्लॅबचं घर उभं होतं. नवरा रोज मोटरसायकलवरून साताऱ्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला जायचा. पण दसऱ्याला सगळं गाव सोनं द्यायला आमच्याच दारात यायचं, आणि सासरे फेटा बांधून अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. लग्नपत्रिकेत प्रत्येकाच्या नावाआधी 'श्रीमंत' छापलेलं पाहून माझ्या वडिलांनी, ज्यांचा जन्म सांगलीच्या हळदीच्या पेठेत गेला, मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं की जावईबापूंची नोकरी पक्की आहे ना.

आमच्या सांगलीच्या घरात हाक म्हणजे आरडाओरडाच. आई वरच्या मजल्यावरून नाव घेऊन ओरडली की आम्ही भावंडं पेठेत कुठेही असलो तरी घरी हजर व्हायचो. तिने नाव पूर्ण घेतलं तर समजायचं की आज आपली धडगत नाही, आणि अर्धं घेतलं तर चुलीवर काहीतरी चांगलं शिजतंय. असल्या घरातून मी सासरी गेले, तर तिथे कोणी कोणाला नावाने बोलावतच नव्हतं. सासरे आबासाहेब, सासूबाई आईसाहेब, नवरा दादासाहेब, नणंद ताईसाहेब. नणंदेचं खरं नाव मला एकदा तिचं आधार कार्ड हातात आलं तेव्हा कळलं. मला सगळे सूनबाई म्हणायचे. माझं नाव काय हे त्या घरात किती जणांना आठवत होतं कोण जाणे.

शिवाय घराण्यातली पुरुषांची नावं ठरलेली. पहिल्या मुलाला त्याच्या पणजोबांचं नाव द्यायचं, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. म्हणजे तीच ती नावं फिरून फिरून येत राहतात. मला पहिला मुलगा झाला तेव्हा नाव शोधायचा प्रश्नच नव्हता. ते त्याच्या जन्माआधी शंभर वर्षं तयार होतं. आबासाहेबांच्या वडिलांचं नाव. बारशाला नणंद कुंडलहून आली. तिला तिथल्याच एका बागायतदाराकडे दिलंय. आत्याच्या मानाने तिने बाळाच्या कानात कुर्र करून ते नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या आणि ते नाव जन्माच्या दाखल्यावर जाऊन बसलं. ते तिथेच राहिलं.

कारण ते घ्यायचं कोणी? सासूबाईंच्या ते सासऱ्यांचं नाव, त्या मरेपर्यंत घेणार नाहीत. माझ्या ते आजेसासऱ्यांचं, मी घेतलं तर घर डोक्यावर पडेल. नवऱ्याच्या आजोबांचं. आणि आबासाहेबांच्या तर प्रत्यक्ष बापाचं, बापाचं नाव घेऊन रांगत्या पोराला दटावणार कसं? म्हणून बाळाला सगळे बाळराजे म्हणू लागले, आणि तेही अहोजाहो करून. इथे लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. घरात तसं कधी म्हणता आलं नाही. तो वरणभात थुंकायचा आणि सासूबाई म्हणायच्या, बाळराजे, आपण असं करू नये. तो उघडाबागडा अंगणभर पळायचा आणि मी हातात चड्डी घेऊन त्याच्या मागे, अहो बाळराजे, थांबा की. फोनवर हे ऐकून माझी आई हसून हसून बेजार व्हायची. ती म्हणायची, पोराला एक धपाटा घालायचा झाला तर आधी मुजरा करतेस काय गं?

आबासाहेबांची मजा वेगळीच होती. तो खोलीत आला की ते कॉटवर सरकून जागा करायचे आणि म्हणायचे, या, बसा वडील. निम्मी चेष्टा असायची, निम्मं खरं असायचं. वडील लवकर गेले होते त्यांचे, ते स्वतः तेव्हा शाळेत होते. त्यामुळे या चार फुटांच्या आत मावणाऱ्या वडिलांपुढे ते शेंगदाण्याचा लाडू धरायचे, आपल्या चपला घालून त्याला मिरवू द्यायचे, आणि सगळं अगदी अदबीने. मला तेव्हा ते फार गोड वाटायचं. अजूनही वाटतं.

तो अंगणवाडीत जायला लागला तेव्हा एक गंमत झाली. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि जरा चाचरत म्हणाल्या की मुलाचे कान एकदा तपासून घ्या. हजेरी घेताना त्याचं नाव पुकारलं तर तो ओ देत नाही, वळूनसुद्धा बघत नाही. त्यांनी माझ्यासमोर पुकारून दाखवलं. तो खिडकीशी उभा राहून बाहेरची कोंबडी बघत होता, बघतच राहिला. मग मी दारातूनच म्हटलं, बाळराजे. तो धावत आला. बाई कपाळाला हात लावून हसल्या, मीही हसले. घरी हा किस्सा पुढे कितीतरी दिवस सांगितला जात होता, आल्यागेल्यालासुद्धा. मी त्याला शिकवायचा प्रयत्न केला. पाटीवर त्याचं नाव लिहायचे आणि म्हणायचे, हे आपलं नाव. तो म्हणायचा, बाळराजे. मी म्हणायचे, ते नव्हे, हे. पण 'हे' म्हणजे काय ते मला तोंडाने सांगता येत नव्हतं, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

मेच्या सुट्टीत आम्ही सांगलीला गेलो होतो. त्याला ताप आला. माहेरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला, पुन्हा चढला आणि मग त्याला झटके आले. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर म्हणाले. त्यांनी करायचं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आत कोणाला सोडत नव्हते. आम्ही बाहेरच्या बाकावर बसायचो. साताऱ्याहून नवरा आला, मागून आबासाहेब आले, आणि आम्ही सगळे काचेच्या दाराकडे बघत बसून राहिलो.

एका सकाळी सिस्टरने मला एकटीला आत बोलावलं. मुलगी तरुण होती, सीमेपलीकडची असावी, तिच्या बोलण्याला कानडी हेल होता. तिने मला हिरवा अंगरखा घातला, त्याच्या पलंगाशी नेलं आणि म्हणाली, "ताई, नावानं हाक मारा त्याला. आत ऐकू जातं त्यांना. मी सकाळपासून मारायलेय, पण आईची हाक वेगळी असते."

ती सकाळपासून हाक मारत होती. कागदावर वाचून. त्या नावाने. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती नावानं म्हणाली, एवढंच मी ऐकलं. दवाखान्यात सांगतात ते ऐकायचं असतं, ते सांगतील ते बरोबर, असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं. मी वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलाचं नाव घेतलं. ते माझ्या तोंडातून दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं निघालं. मी पुन्हा घेतलं. पुन्हा घेतलं. त्याच्या पापण्या हलल्या नाहीत. कुठल्याशा यंत्राची शिट्टी झाली, दोघं तिघं धावत आले आणि सिस्टरने मला खांद्याला धरून बाहेर आणलं. दार बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याला बाळराजे म्हटलंच नाही.

पुन्हा आत जायला मिळालं ते तो गेल्यावर.

गावी आणून त्याला ओढ्याकाठच्या आमच्या शेताच्या पट्टीत माती दिली. लहान पोराला जाळत नाहीत. त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मी स्वयंपाक करत होते, धुणं धूत होते, आणि घरातल्या प्रत्येकाचा मला संताप येत होता. सासूबाई शहाण्या, त्या माझ्याशी कमी बोलायच्या आणि माझ्या ताटात जास्त वाढायच्या. मी आत जाऊन काय केलं, काय म्हटलं, हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याने विचारलं होतं, हाक मारलीस का? मी म्हटलं, मारली. तो म्हणाला, मग ऐकली असेल त्याने. मी मान हलवली.

काही वर्षं अशी गेली आणि मला पुन्हा दिवस राहिले. घराला पालवी फुटावी तसं झालं, पण कोणी मोठ्याने बोलेना. आबासाहेब बाजारातून चिकू आणायचे आणि पिशवी गुपचूप स्वयंपाकघरात ठेवून जायचे. साताऱ्याच्या दवाखान्यात दुसरा मुलगा झाला. त्याच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली होती, तिच्यावर बेबी ऑफ आणि पुढे माझं नाव. कितीतरी वेळ मी ती पट्टी वाचत पडले. माझ्या नावाने ओळखला जाणारा त्या घराण्यातला तो पहिलाच पुरुष असावा.

घरी आल्यावर मोबाइलवरच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर नावांचा पाऊस पडला. एकेकाची हौस. वीर, सिंह, प्रताप, आदित्य, कोणाला चार अक्षरी हवं, कोणाला संस्कृत, एका चुलत दिराने तर इतकं लांब नाव सुचवलं की हाक पूर्ण होईपर्यंत पोरगं शाळेतून परत आलं असतं. मी सगळी वाचत होते. मला वाटलं, चला, या वेळी निदान निवडायचं तरी आहे. मग आबासाहेबांनी ग्रुपवर काही न लिहिता जेवताना सांगितलं की बारसं सव्वा महिन्यानंतर करायचं आणि नाव ठरलेलंच आहे.

तेच नाव. पहिल्याला दिलेलं.

त्यांचा हिशोब सरळ होता. घराण्याचं नाव या पिढीत कोणाकडे तरी असलंच पाहिजे. एकाकडे होतं, तो गेला, नाव मोकळं पडलं. आता ते दुसऱ्याला घालायचं. ते 'मोकळं पडलं' असं म्हणाले, शेत पडीक पडतं तसं. त्यात दुष्टावा नव्हता. सासूबाईंनी तर डोळे पुसले, म्हणाल्या, माघारी आले म्हणायचे. बाळाला त्या आधीच बाळराजे म्हणू लागल्या होत्या. प्रत्येक वेळी ते ऐकून मी घाबरून पाळण्याकडे बघायचे, कोणाला बोलावलं म्हणून.

मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या मुलाला मला नावाने हाक मारता आली पाहिजे. घरात, दारात, शाळेच्या फाटकाशी, आणि देव न करो, कुठे काचेच्या पलीकडे. ते नाव माझ्या तोंडी असलं पाहिजे आणि त्याच्या कानात बसलेलं असलं पाहिजे. त्यापलीकडे वीर असो की दगड असो, मला सारखंच होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आबांना या वयात दुखवायला नको, आपण कागदावर एक ठेवू आणि घरी दुसरं म्हणू. म्हणजे पुन्हा तेच. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो वाईट माणूस नाही, बापापुढे त्याचा आवाज फुटत नाही इतकंच.

बारशाच्या आदल्या दिवशी नणंद आली. बाळाला कपडे, मला साडी, टोपल्यात कुंडलची द्राक्षं. माझं तोंड बघूनच तिने ओळखलं आणि मागच्या पडवीत गाठून विचारलं. मी तिला सांगितलं. मिरजेचंही सांगितलं, पहिल्यांदाच कोणाला तरी. ती तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "वैनी, आबांम्होरं मी न्हाई बोलणार, माझी छाती न्हाई. पर कानात काय सांगायचं त्ये माझ्या तोंडात हाय. तुमी म्हणाल त्ये सांगते. म्होट्यानं त्येंचं नाव घेईन, कानात तुमचं."

तिने देऊ केलं ते काही लहानसहान नव्हतं. बारशाच्या पाळण्यापाशी खोटं बोलायला ती माझ्यासाठी तयार झाली होती. मी तिचे हात धरले, पण मला ते नको होतं. कानातलं नाव मला नको होतं. एक नाव आधीच कागदात पुरून झालं होतं, आता दुसरं कानात पुरायचं? मला ते मोठ्याने हवं होतं. तेव्हा मी तशीच उठले आणि पुढे गेले.

आबासाहेब पुढच्या सोप्यात पोत्यावर बसून बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांच्यासमोर मी नेहमी उभी राहूनच बोलायचे, तेही कामापुरतं. त्या दिवशी समोर बसले आणि शेंगा फोडायला घेतल्या. त्यांनी एकदा वर बघितलं. मी सांगत गेले. सिस्टर काय म्हणाली, मी काय म्हटलं, कितीदा म्हटलं, आणि त्याला ते नाव माहीतच कसं नव्हतं. अंगणवाडीतल्या हजेरीची गोष्ट आपण सगळे हसत सांगायचो, तीच ही गोष्ट आहे, असं मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण आतली भांड्यांची खणखण थांबली.

आबासाहेबांचे हात कधीच थांबले होते. ते म्हणाले, माझ्या बापाचं नाव आहे ते, सूनबाई. आवाजात राग नव्हता.

मी म्हटलं, "होतं. आता ते माझ्या थोरल्याचं आहे. तो घेऊन गेलाय. ते मोकळं पडलेलं नाही."

सासऱ्यांना असं उत्तर त्या घरात कोणत्याही सुनेने दिलं नसेल. मला वाटलं, आता उठून जातील, जेवणार नाहीत, उद्याचं बारसं मोडेल. ते बसून राहिले. मूठभर दाणे या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "आमी बी कवा नावानं हाक मारली न्हाई त्येंना. एकदा बी न्हाई. बापाचं नाव घिऊन अरे कसं म्हणू, म्हणून न्हाई मारली."

मला वाटत होतं की हे दुःख माझ्या एकटीचं आहे. ते तसं नव्हतं हे मला त्या सोप्यात बसून कळलं, आणि मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. नंतर विचारलं की मनात काय नाव आहे. मी सांगितलं. दोन अक्षरी, साधं, घराण्यात कोणाचंही नसलेलं. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं आणि विचारलं, एवढंच? मी म्हटलं, लांबून हाक मारायला बरं पडतं. त्यावर ते थोडंसं हसले आणि म्हणाले, राजे तर आडनावात हायेच, त्ये काय सुटत न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारसं झालं. अंगणात मांडवाखाली पुरुष बसले होते आणि आतल्या खोलीत बायका दाटीवाटीने. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. वरवंट्याला टोपडं घालून तो पाळण्याखालून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात फिरवला, मग बाळाला फिरवलं. नणंद वाकली आणि कानात कुर्र करून नाव सांगितलं. धपाटे जरा जोरातच पडले. मग तिने सरळ होऊन ते मोठ्याने म्हटलं. खोलीत कुजबुज झाली. भावकीतल्या एका म्हाताऱ्या आजीने विचारलं की हे आणि कोणाचं नाव. नणंद म्हणाली, "कुणाचं न्हाई, आजी. त्येचंच हाय."

बायका पाळणा म्हणू लागल्या, तेवढ्यात दारातून आबासाहेब आत आले. बारशाच्या खोलीत पुरुष येत नाहीत. गाणं तुटलं, बायकांनी डोक्यावर पदर घेत त्यांना वाट करून दिली. ते पाळण्याशी आले, फेट्यासकट वाकले आणि बाळाला त्याच्या नव्या नावाने हाक मारली. पुढे अरे लावून. अरे, ऊठ की. बाळाने मोठी जांभई दिली. सगळ्या हसल्या, मीसुद्धा हसले. मला वाटलं, झालं, संपलं.

ते परतले नाहीत. पाळण्यावरचा हात काढून ते मागच्या दाराशी गेले. त्या दारातून पडवी दिसते, पलीकडे ऊस आणि उसाच्या पलीकडे ओढ्याकाठची ती पट्टी. तिथे उभं राहून त्यांनी आपल्या वडिलांचं नाव घेतलं. माझ्या थोरल्याचं नाव. तेही अरे लावून, जेवायची वेळ झाली आणि पोरगं अजून बाहेरच खेळतंय, त्याला बोलवावं तसं. सासूबाईंनी आपल्या सासऱ्यांचं नाव कानावर पडताच डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि त्यात तोंड घातलं. आबासाहेबांनी पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा मोठ्याने. बाहेर मांडवातली माणसं गप्प झाली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांचा आवाज मध्येच फुटला, आणि तरी ते दाराची चौकट धरून तसेच उभे राहिले, उत्तराची वाट बघितल्यासारखे.

मी पाळण्याची दोरी सोडली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि माझ्या थोरल्याच्या वतीने ओ दिली.